न जुमानणाऱ्या जंतूंचा शोध

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे चाळीस किलोमीटरांवर सिहोरा हे तहसिलीचे गाव आहे. त्याच्या रेल्वे स्थानकाला ‘सिहोरा रोड’ म्हणतात. या परिसराचे पाणी हिरन नदीत उतरते आणि हिरन पुढे नर्मदेला मिळते. गावाच्या या दोन वाटा, एक रस्त्याने जबलपूरकडे जाणारी आणि दुसरी पाण्याने नर्मदेकडे जाणारी, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिल्या वाटेने रुग्णाचे रक्त, लघवी किंवा थुंकी प्रयोगशाळेकडे जाते. दुसऱ्या वाटेने साऱ्या वस्तीचे सांडपाणी जाते. प्रतिजैविक औषधांना न जुमानणारे जंतू दोन्ही वाटांवर भेटतात. त्यांना ओळखण्याच्या रीती मात्र दोन्हीकडे सारख्या नाहीत, कारण दोन्हीकडे विचारावयाचा प्रश्नच मुळी वेगळा आहे.

प्रथम जंतू औषधाला जुमानत नाही म्हणजे काय होते, ते पाहिले पाहिजे. रुग्णाच्या शरीराला औषधाची सवय होते आणि मग ते लागू पडत नाही, असे पुष्कळदा बोलले जाते. ही समजूत बरोबर नाही. शरीराला काही सवय होत नाही. बदलते ती जंतूंची प्रजा. कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या जनुकात योगायोगाने काही फरक पडलेला असतो. औषधाने इतर सारे मरतात आणि तो एकटा मोकळ्या रानात आपला वंश वाढवितो. ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार लवकर कळली होती. पेनिसिलिनचा सर्रास उपयोग सुरू होण्यापूर्वीच, १९४० साली, एब्रॅहम आणि चेन या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी त्या औषधाचा नाश करणारे विकर जंतूंमध्ये असल्याचे दाखवून दिले. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेचा धोका बजावून सांगितला. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. म्हणजे औषध आपल्याकडे पिकू लागले तेव्हा त्याला लागणारी कीड पंधरा वर्षांपासून ठाऊक होती.

जंतूच्या युक्त्या अनेक आहेत. कोणी औषध फोडून टाकणारे विकर तयार करतो. कोणी आत आलेले औषध पंपाने उपसावे तसे बाहेर टाकतो. कोणी आपल्या आवरणातील दारे अरुंद करतो. तर कोणी औषध ज्या जागी जाऊन चिकटते ती जागाच थोडी बदलून घेतो. याहून बिकट गोष्ट अशी की, यांपैकी काही युक्त्या प्लास्मिड नावाच्या जनुकद्रव्याच्या लहानशा कड्यांवर लिहिलेल्या असतात आणि ही कडी एक जंतू दुसऱ्याला, प्रसंगी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही, देऊ शकतो. आमांशाच्या जंतूंत असे देणेघेणे चालते, हे जपानी संशोधकांनी १९५९ च्या सुमारास दाखविले. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारा ई. कोलाय आणि फुप्फुसात जाऊन उत्पात करणारा क्लेब्सिएला हे एकाच कड्याचे भागीदार होऊ शकतात. मनुष्याला मुळीच आजारी न पाडणाऱ्या जंतूंचाही शोध घ्यावा लागतो, तो यासाठी.

हा प्रतिकार सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. औषधाने मरणारा ई. कोलाय आणि न मरणारा ई. कोलाय भिंगाखाली जुळ्या भावांसारखे सारखे दिसतात. तेव्हा ओळखण्याच्या वाटा दोनच उरतात. एक तर त्या जंतूला औषधासमोर उभे करून त्याचे वर्तन पाहावयाचे; नाही तर त्याच्या पोटातील जनुक वाचावयाचे. पहिली वाट चारित्र्य पारखण्याची, दुसरी कुंडली मांडण्याची, असे म्हटले तरी चालेल. जनुकाची ही कुंडली ज्योतिषाच्या कुंडलीपेक्षा पुष्कळच भरवशाची असते, हे सांगावयास नकोच. परंतु तिलाही आपल्या मर्यादा आहेत आणि त्या पुढे येतीलच.

वर्तन पारखण्याची सर्वांत परिचित रीत म्हणजे चकत्यांची. समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या अगर नावाच्या खळीसारख्या पदार्थात पोषक द्रव्ये मिसळून तो काचेच्या सपाट बशीत ओततात. त्याच्या गोठलेल्या पृष्ठभागावर रुग्णाच्या नमुन्यातून वाढविलेले जंतू कापसाच्या बोळ्याने सर्वत्र सारखे सारवतात. त्यावर सहा मिलिमीटर व्यासाच्या, ठराविक मात्रेत औषध शोषलेल्या कागदी चकत्या ठेवतात आणि बशी उबवणी यंत्रात सुमारे ३५ अंश सेल्सियस उष्णतेत सोळा ते अठरा तास ठेवून देतात. सकाळी बशी उघडून पाहावी तो साऱ्या पृष्ठभागावर जंतूंची दुधट साय धरलेली असते. ज्या चकतीतील औषधाने जंतूंना वाढू दिले नाही तिच्याभोवती मात्र, चंद्राभोवती खळे पडावे, तसे स्वच्छ वर्तुळ पडलेले असते. खळे मोठे तर औषध प्रभावी. खळे लहान किंवा मुळीच नाही, तर जंतू त्या औषधाला जुमानीत नाही. अमेरिकेतील बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीला १९६६ साली जे प्रमाणबद्ध रूप दिले तेच थोड्याफार फरकाने आजही जगभर चालते.

पाहावयास ही रीत सोपी वाटते. परंतु तिचे सारे सत्त्व शिस्तीत आहे. अगरचा थर चार मिलिमीटर जाडीचा हवा. तो पातळ झाला तर औषध आडवे अधिक पसरते आणि खळे उगाच मोठे दिसते. जाड झाला तर उलट. सारवण्याच्या द्रवात दर मिलिलिटरला सुमारे पंधरा कोटी जंतू असावे लागतात. त्यासाठी मॅकफारलंडच्या अर्ध्या प्रमाणाच्या गढूळपणाशी तो द्रव ताडून पाहतात. चकत्या दमट हवेत राहिल्या तर त्यांतील औषध निकामी होते, आणि ज्याला कोणतेही औषध चालले असते असा बिचारा जंतू अट्टल ठरतो. म्हणून प्रयोगशाळेत स्वभाव पूर्णपणे माहीत असलेला एक जंतू पाळलेला असतो. ई. कोलायचा ‘एटीसीसी २५९२२’ या क्रमांकाचा वाण हा असा जगभरचा साक्षीदार आहे. त्याच्याभोवतीचे खळे ठरलेल्या मर्यादेत पडले नाही तर त्या दिवसाचा रुग्णांचा निकाल ग्राह्य धरीत नाहीत; निदान धरू नये.

खळे किती मोठे असले म्हणजे औषध लागू पडले म्हणावे, हा निवाडा जंतू देत नाही. तो माणसांनी केलेल्या कोष्टकात असतो. अमेरिकेचे आणि युरोपचे अशी दोन कोष्टके विशेष प्रचलित असून दोन्हींत वेळोवेळी फेरफार होतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या औषधाचे उदाहरण बोलके आहे. आतड्यातील जंतूंच्या बाबतीत त्याच्या चकतीभोवती २१ मिलिमीटरांचे खळे पडले तर अमेरिकी कोष्टकाप्रमाणे जंतू पूर्वी ‘औषधाला वश’ समजला जाई. २०१९ साली मर्यादा कडक झाली आणि तेच २१ मिलिमीटरांचे खळे आता ‘प्रतिरोधक’ या सदरात जाते. जंतू तोच, बशी तीच, खळेही तेवढेच. बदलला तो कायदा. हा बदल लहरीने झाला नाही. जुन्या मर्यादेत ‘वश’ ठरलेल्या जंतूंवरही औषध फसते, असा अनुभव येत गेल्यामुळे झाला. तथापि जुने कोष्टक भिंतीवर टांगून ठेवणारी प्रयोगशाळा आणि नवे वापरणारी प्रयोगशाळा यांच्या आकड्यांची तुलना करून ‘प्रतिरोध वाढला’ असे कोणी म्हणू लागला तर ते विधान तपासूनच घेतले पाहिजे.

खळ्याऐवजी नेमका आकडा हवा असेल तर दुसरी रीत आहे. लहान लहान खळग्यांच्या पट्टीत औषधाचे द्रावण एकापुढे एक निम्मे निम्मे पातळ करीत भरतात आणि प्रत्येकात सारखेच जंतू सोडतात. ज्या सर्वांत पातळ द्रावणात जंतूंची वाढ थांबली ती त्या औषधाची किमान रोधक मात्रा. कोलिस्टिन या जुन्या, मूत्रपिंडाला त्रास देणाऱ्या, परंतु इतर सर्व थकल्यावर उपयोगी पडणाऱ्या औषधाच्या बाबतीत हीच रीत धरावी लागते. कोलिस्टिनचा अणुसमूह मोठा असल्यामुळे तो अगरमध्ये नीट पसरत नाही आणि त्याच्या चकतीभोवतीचे खळे फसवे असते. या औषधाचा प्रतिरोध प्लास्मिडवरून पसरू शकतो, हे २०१५ साली चीनमधून कळले. आणि मांसासाठी व अंड्यांसाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना कोलिस्टिन देण्यास भारत सरकारने २०१९ साली मनाई केली.

कोलिस्टिनवर येऊन ठेपण्याची पाळी कशी आली, याची एक नोंद मुंबईची आहे. गंभीर संसर्गात कार्बापेनेम वर्गातील औषधांचा आधार असतो. २००९ च्या उत्तरार्धात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात या औषधांना न जुमानणारे आतड्यातील वर्गाचे २४ जंतू तपासले, त्यांपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ हे जनुक सापडले आणि ते निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात हे जनुक प्रथम ओळखले गेले होते. त्याच्या नावात नवी दिल्लीचा उल्लेख आल्यामुळे आपल्याकडे बराच वाद माजला. नाव कोणतेही असो, कार्बापेनेम फोडणारे विकर ते जनुक तयार करते, ही वस्तुस्थिती नावाने बदलत नाही.

असे विकर ओळखण्याची एक रीत तर इतकी साधी आहे की साध्या प्रयोगशाळेतही ती करता यावी. संशयित जंतूंच्या दाट द्रवात मेरोपेनेम या औषधाची चकती चार तास भिजत ठेवतात. मग ती काढून, औषधाने निश्चित मरणाऱ्या साक्षीदार जंतूंच्या बशीवर ठेवतात. संशयिताजवळ विकर नसेल तर चकतीतील औषध शाबूत राहते आणि दुसऱ्या दिवशी मोठे खळे पडते. विकर असेल तर औषध आधीच फुटून गेलेले असते. चकती म्हणजे केवळ ओला कागद उरतो आणि साक्षीदार जंतू तिच्या कडेपर्यंत निर्धास्त वाढतात. हे विकर नेमके कोणत्या जनुकाचे, हे मात्र यावरून सांगता येत नाही. त्यासाठी पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया, म्हणजे ज्याला सर्वजण पीसीआर म्हणतात ती, करावी लागते. तीत हव्या त्या जनुकाचा तुकडा दुप्पट, चौपट, आठपट करीत तास-दोन तासांत ओळखू येण्याइतका वाढविता येतो.

आता रस्त्याच्या वाटेकडे वळावे. जंतू वाढवून त्यांवर औषधे पारखणारी प्रयोगशाळा सामान्यतः तहसिलीच्या ठिकाणी नसते. ती जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या आश्रयाने असते. सिहोऱ्याच्या दृष्टीने असे ठिकाण जबलपूर. समजा, सिहोऱ्यातील एखाद्या वृद्धेला थंडी वाजून ताप भरला आहे आणि लघवीचा संसर्ग असावा असा डॉक्टरांचा तर्क आहे. लघवी बाटलीत घेतली. अशा नमुन्यात दर मिलिलिटरला एक लाख किंवा अधिक जंतू असले तर संसर्ग खरा, हा फार जुना दंडक आहे. बाटलीत वास्तविक त्वचेवरून पडलेले केवळ पाचशे जंतू दर मिलिलिटरला होते, असे धरू. उन्हाळ्याच्या दिवसांत बाटली खिडकीत राहिली, मग दुपारच्या गाडीने गेली. दर अर्ध्या तासाला जंतू दुप्पट झाले तर चार तासांत ते दोनशे छप्पन्नपट होतात. पाचशेचे एक लाख अठ्ठावीस हजार होतात. प्रयोगशाळा प्रामाणिकपणे मोजते आणि प्रामाणिकपणे चुकीचा निकाल देते. वृद्धेला नको ते औषध मिळते आणि तापाचे खरे कारण मागे राहते. लघवीचा नमुना दोन तासांत बशीवर पडावा, नाही तर बर्फाच्या पेटीत किंवा बोरिक आम्ल घातलेल्या नळीत पाठवावा, तो याचसाठी. केरळच्या पाठोपाठ प्रतिरोधाविरुद्ध स्वतःचा कृतिकार्यक्रम करणारे मध्य प्रदेश हे २०१९ साली दुसरे राज्य ठरले. अशा कार्यक्रमांतील सर्वांत मोलाची बाब कोणती, असे विचारले तर एखाद्या महागड्या यंत्राआधी बर्फाची पेटी घेऊन रोज वेळेवर निघणाऱ्या गाडीचे नाव घ्यावे लागेल.

नमुना वेळेवर पोहोचला तरी वेळ लागतोच. रक्ताच्या बाटलीत जंतू वाढल्याची खूण मिळण्यास बहुधा अर्धा ते एक दिवस, तो जंतू शुद्ध करून ओळखण्यास एक रात्र, चकत्यांची बशी उबविण्यास आणखी एक रात्र. म्हणजे सर्व सुरळीत झाले तरी दोन-तीन दिवस. रक्तात विष भिनलेल्या रुग्णाला तितकी सवड नसते; डॉक्टरांना पहिले औषध अंदाजाने द्यावेच लागते. अंदाज चुकू नये म्हणून ते जबर औषध निवडतात, आणि निकाल वेळेवर आला नाही तर तेच पुढे चालू राहते. याच फटीतून प्रतिरोध वाढतो.

जनुक वाचणारी रीत ही फट बुजवू शकते काय? क्षयाच्या बाबतीत तिने पुष्कळशी बुजविली आहे. क्षयाचा जंतू इतका संथ की घट्ट माध्यमावर त्याची वसाहत दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागत. द्रव माध्यमाने तो काळ दोन-तीन आठवड्यांवर आला. गोव्यातील मोलबायो या कंपनीने बनविलेल्या ट्रूनॅट या लहानशा यंत्रात थुंकीतील क्षयाचा जंतू सुमारे तासाभरात सापडतो आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो जुमानतो की नाही, हे आणखी सुमारे तासाभरात कळते. यंत्र बॅटरीवर चालते. वीज गेली तरी काम अडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. तहसिलीच्या आणि त्याहून लहान गावांसाठीच ते योजलेले आहे. सिहोऱ्याचे चाळीस किलोमीटर त्याला आडवे येत नाहीत. जबलपूर येथील राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेने सहरिया जमातीतील क्षयावर दीर्घकाळ काम केले आहे. विखुरलेल्या वस्त्यांत निदान रुग्णाच्या जवळ नेणे का आवश्यक असते, हे त्या भागात हिंडणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मात्र जनुक वाचणारे यंत्र विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देते. रिफाम्पिसिनचा प्रतिरोध बहुतेक वेळा जंतूच्या एका जनुकातील ८१ अक्षरांच्या तुकड्यात उद्भवतो, म्हणून तेवढाच तुकडा तपासला जातो. आफ्रिकेतील एस्वातिनी या देशात, ज्याला पूर्वी स्वाझीलंड म्हणत, त्या तुकड्याच्या बाहेर बदल झालेला एक वाण पसरला. तेथील बहुऔषध-प्रतिरोधक क्षयाच्या सुमारे तीस टक्के नमुन्यांत तो आढळला आणि यंत्र त्याला निर्दोष म्हणत राहिले. बशीवरची जुनी, संथ रीत कायम ठेवण्याचे कारण हेच. ती जंतूला कोणत्या युक्तीने वाचलास असे विचारीत नाही. वाचलास की मेलास, एवढेच पाहते, आणि आजवर कोणाला ठाऊक नसलेली युक्तीही त्यामुळे तिच्या हाती लागते.

पाण्याच्या वाटेवर प्रश्न बदलतो. गटारात रुग्ण नाही, त्यामुळे कोणते औषध द्यावे हा प्रश्नही नाही. येथे विचारावयाचे ते असे की, या वस्तीच्या पोटात एकंदर किती प्रतिरोध वावरत आहे? सांडपाण्यावरून वस्तीचे आरोग्य ओळखण्याची ही कल्पना आपल्याला परकी नाही. पोलिओचा विषाणू शोधण्यासाठी मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने २००१ सालापासून नियमाने घेतले गेले. एकही मूल लुळे पडलेले नसताना विषाणू वस्तीत फिरतो आहे, हे पाण्याने सांगितले.

जंतूंसाठीची रीत पुढीलप्रमाणे असते. नाल्याचे पाणी निर्जंतुक बाटलीत घेतात. पाण्यात क्लोरीन असण्याचा संभव असेल तर ते निष्प्रभ करण्यासाठी बाटलीत आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, नाही तर वाटेतच जंतू मरून जातील. एका वेळी घेतलेली बाटली त्या क्षणाचेच चित्र देते. दिवसभर थोडे थोडे घेऊन मिसळलेला नमुना अधिक खरा. पाणी दहापट, शंभरपट असे पातळ करून ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या पातळ पडद्यातून गाळतात. जंतू पडद्यावर अडकतात. मग असे पडदे दोन प्रकारच्या बशांवर ठेवतात. दोन्हींत ई. कोलायच्या वसाहती निळ्या-हिरव्या दिसतील असे माध्यम असते; फरक इतकाच की, दुसऱ्या बशीत सेफोटॅक्झिम हे औषध दर मिलिलिटरला चार मायक्रोग्रॅम घातलेले असते. समजा, सारख्याच पातळ केलेल्या पाण्याच्या पहिल्या बशीत ऐंशी वसाहती आल्या आणि दुसरीत वीस. तर त्या नाल्यातील ई. कोलायपैकी सुमारे चौथा हिस्सा त्या औषधाला जुमानीत नाही. पक्का शिक्का मारण्यापूर्वी दुसऱ्या बशीतील काही वसाहती उचलून चकत्यांनी पुन्हा पारखतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ट्रायसायकल’ नावाच्या पद्धतीचा हा गाभा आहे. मनुष्य, अन्नसाखळी आणि परिसर ही तिची तीन चाके.

या रीतीत गुणोत्तराला महत्त्व आहे, ते विनाकारण नव्हे. श्रावणात नाला दुथडी वाहतो, तेव्हा दर मिलिलिटरमधील जंतू कमी होतात आणि कोणी म्हणेल, प्रतिरोध ओसरला. पण पाऊस वश जंतूंना आणि हट्टी जंतूंना सारखाच पातळ करतो. केवळ पातळ होण्याने गुणोत्तर बदलत नाही.

पाण्यातील जनुके थेट वाचण्याची रीतही आहे. दिल्लीत घेतलेल्या नमुन्यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सुप्रसिद्ध आहे: रस्त्यांवर साचलेल्या व झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ मध्ये एनडीएम-१ जनुक आढळले. पुण्यात मुठा नदीच्या गाळातील सर्व जनुकद्रव्य एकत्रच वाचून काढले गेले; शहरात शिरण्यापूर्वीच्या गाळाच्या मानाने शहरातील गाळात प्रतिरोधाची जनुके कितीतरी अधिक होती आणि शेवटच्या फळीतील औषधांविरुद्धची जनुकेही त्यांत होती, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. साठ देशांतील ७९ ठिकाणच्या मैलापाण्याच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिरोधाचे प्रमाण औषधांच्या खपापेक्षा स्वच्छता, आरोग्य आणि राहणीमान यांच्याशी अधिक निगडित दिसले. केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर सारा दोष ढकलणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात घेण्यासारखा आहे.

परंतु पाण्यातील जनुकाला धनी नसतो. ते जिवंत जंतूचे की क्लोरीनने मेलेल्याचे, रोगकारकाचे की निरुपद्रवीचे, हे केवळ जनुकावरून कळत नाही. बशीवर वाढला तो जिवंत होता, एवढे निश्चित. म्हणून पाण्याच्या कामातही दोन्ही रीती एकमेकींच्या साक्षीला लागतात. मध्य प्रदेशातच उज्जैन येथे एका रुग्णालयाशी संबंधित पाण्याचा जो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात तर जंतूंबरोबर औषधांचीही मोजणी केली होती. रुग्णालयाच्या सांडपाण्यात प्रतिजैविके सापडली. भूजलात ती सापडली नाहीत.

सिहोऱ्यासारख्या ठिकाणी यातून काय साधेल? डॉक्टरांच्या अंदाजाला आधार म्हणून मोठी रुग्णालये आपल्या वर्षभराच्या निकालांवरून प्रतिरोधाचा तक्ता तयार करतात. नियम असा की, एका जातीचे निदान तीस जंतू तपासल्याशिवाय टक्केवारी मांडू नये. लहान गावातून जबलपूरला जाणारे नमुने तुटपुंजे. जे जातात ते बहुधा आधीच दोन-तीन औषधे फसलेल्या रुग्णांचे. त्यांवरून काढलेला आकडा वास्तवापेक्षा भयंकर दिसणार. नाल्याची एक बाटली मात्र शेकडो घरांचा अंश घेऊन येते आणि त्यात निरोगी माणसेही असतात. म्हणून जेथे प्रयोगशाळा नाही तेथे सांडपाणी हा गरिबाचा तक्ता ठरू शकतो. अर्थात काही पथ्ये पाळून. लहान गावांतून बहुतेक घरांचा मैला शौचकूपाच्या टाकीत उतरतो आणि उघड्या गटारातून वाहते ते मुख्यतः मोरीचे पाणी. त्यात गोठ्यांतील शेणाचे ई. कोलायही मिसळतात. तेव्हा गटाराइतकाच, किंबहुना अधिक, टाक्या उपसणाऱ्या गाडीतील मैल्याचा नमुना उपयुक्त. आणि नाल्यातील चौथा हिस्सा हट्टी निघाला म्हणून समोरच्या वृद्धेचा जंतूही हट्टी, असा हिशेब कोणी करू नये. तिच्यासाठी तिचीच बाटली जबलपूरला गेली पाहिजे.

त्या बाटलीसोबत एक चिठ्ठी जाते आणि पुष्कळदा ती अर्धवट भरलेली असते. नमुना किती वाजता घेतला, कोठून घेतला, आणि विशेषतः प्रतिजैविकाची पहिली मात्रा त्याआधी दिली होती की नंतर, हे तिच्यावर हवे. मात्रा आधी दिली असेल तर बशी कोरी राहू शकते. ‘जंतू वाढले नाहीत’ असा शेरा मिळाला म्हणजे संसर्ग नव्हता असे होत नाही. औषधाने अर्धमेले झालेले जंतू बशीवर उठले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. नाल्याच्या बाटलीलाही चिठ्ठी लागते. जागा, वेळ, पाण्याची उष्णता, वरच्या बाजूला रुग्णालय किंवा गोठा आहे काय, आणि आदल्या दिवशी पाऊस पडला होता काय, इतके तिच्यावर नोंदलेले असले म्हणजे जबलपूरच्या प्रयोगशाळेतील माणसाला दोन्ही बशांतील वसाहती मोजावयास बसता येते.